आंब्याची फळी निळी पडू नये म्हणून: ओल्या लाकडावरची बुरशी आणि डाग

आंब्याचा ओंडका चिरला की पहिल्या दिवशी फळी सायीच्या रंगाची दिसते. त्या फळ्या एकावर एक दाबून पडवीत ठेवा आणि चौथ्या दिवशी मधली एक ओढून काढा. हाताला बुळबुळीत लागते, वर हिरवट-पांढरी लव आलेली असते, नाकाला कोंदट वास येतो. फडक्याने पुसली की लव निघते, पण खाली राखाडी-निळ्या रेघा दिसतात. रंधा मारला तरी त्या तशाच. लव म्हणजे बुरशी, रेघा म्हणजे डाग. लव कधीही काढता येते. रेघ एकदा आत गेली की लाकडासोबत कायमची राहते, आणि ती आत जायला दोन-तीन दिवस पुरतात. म्हणून इथे बहुतेक मजकूर डाग घालवण्याचा नसून तो पडू न देण्याचा आहे.

कोकणात आणि गोव्यात घराच्या कामाला, फर्निचरला, पेट्यांना आंबा, फणस, सावर, रबर हीच लाकडं हाताशी असतात. दमट हवेत सगळ्यात आधी निळी पडणारी लाकडंही यांच्यातच आहेत.

आत नेमकं काय होतं

झाडाच्या बाहेरच्या पांढऱ्या भागातून, म्हणजे रसकाष्ठातून, पाणी वर चढतं आणि त्यातच झाड साखर आणि स्टार्च साठवतं. बुरशीला तेच अन्न हवं असतं. त्याच्या जोडीला २५ ते ३० अंशांची ऊब, २० टक्क्यांहून जास्त ओल आणि हवा मिळाली की तिचं काम सुरू होतं. या चारांपैकी एक गोष्ट काढून घेतली तरी ती थांबते. अन्न आपल्याला काढता येत नाही, कोकणातली ऊब तर नाहीच. हातात उरतात ओल आणि हवा. लाकूड झटपट वाळवा, नाहीतर पूर्ण पाण्यात बुडवून ठेवा. अर्धवट ओलं लाकूड हीच बुरशीची आवडती जागा.

वरची लव बहुधा ॲस्परजिलस, पेनिसिलियम किंवा ट्रायकोडर्मा जातीची असते. ती पृष्ठभागावरच्या साखरेवर जगते. डाग पाडणारी बुरशी वेगळी. उष्ण प्रदेशात त्यातली प्रमुख म्हणजे लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी. आंबा बागायतदारांची तिच्याशी दुसरीकडे गाठ पडलेली असते: पिकत्या हापूसला देठाजवळ काळी कूज आणणाऱ्या बुरशींमध्ये ती असते. तिचे गडद तपकिरी धागे लाकडातल्या किरणांमधून, म्हणजे सालीकडून मध्याकडे जाणाऱ्या आडव्या पेशींच्या ओळींमधून आत शिरतात. लाकडाच्या पेशींआडून पाहिल्यावर तेच धागे आपल्याला निळे-राखाडी दिसतात. ओंडक्याच्या टोकावर डाग पाचरीच्या आकाराचा का दिसतो, याचं उत्तरही इथेच आहे. बुरशी किरणांच्या वाटेने चालत असते.

डाग पडला म्हणून लाकूड लगेच कमजोर होत नाही. वाकण्याची आणि दाबाची ताकद जवळपास तशीच राहते. अचानक बसणारा धक्का सोसायची ताकद तेवढी काहीशी घटते, म्हणून निळी पडलेली फळी कुऱ्हाडीच्या दांड्याला किंवा शिडीच्या पायरीला वापरू नये. खरी काळजी पुढची आहे. ज्या ओलीत डाग पडतो, त्याच ओलीत काही आठवड्यांनी कुजवणारी बुरशीही येते, आणि ती ताकद खाते.

डाग बुरशीचाच आहे ना?

काळं-निळं दिसलं की सगळेच बुरशीला दोष देतात. तो डाग लोखंडाचाही असू शकतो. ऐन, बाभूळ, खैर यांत टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, भरपूर असतं. ओल्या लाकडाला खिळा, करवतीचं पातं किंवा गंजका पत्रा लागला की तिथे शाईसारखा काळा डाग उमटतो. अगदी शाईसारखाच, कारण जुनी काळी शाई टॅनिन आणि लोखंडाच्या क्षारांपासूनच करत. फरक ओळखायला चार साध्या तपासण्या पुरतात.

ओल्या फडक्याने जोरात पुसा. निघालं तर लव. नाही निघालं तर रंध्याने अर्धा सूत काढा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). तिथेही निघालं तर वरवरचं होतं. तरीही राहिलं तर टोकाची एक चकती कापा आणि पाचरीचा आकार दिसतो का ते बघा. दिसला तर बुरशीचा डाग.

लोखंडाचा संशय असेल तर चिमूटभर ऑक्झॅलिक ॲसिड चमचाभर कोमट पाण्यात विरघळवून दोन थेंब डागावर टाका. लोखंडाचा डाग काही मिनिटांत फिका पडतो, बुरशीचा हलत नाही.

शेवटी टोच्याने किंवा पटाशीच्या कोपऱ्याने कडेला टोचून एक कूस उचलून बघा. लांब, चिवट कूस निघाली तर लाकूड शाबूत आहे. कूस लगेच तुटली आणि लाकूड मऊ लागलं तर कूज सुरू झाली आहे, आणि ती फळी बाकीच्या मालात ठेवू नका.

आणखी एक खूण बघा. टाचणीच्या टोकाएवढी भोकं आणि त्यांच्या कडा काळ्या दिसल्या तर ते भुंग्यांचं काम आहे. ओल्या ओंडक्यात शिरताना हे भुंगे बुरशी सोबत घेऊन येतात. लाकूड वाळलं की ते पुढे जगत नाहीत. पण भोकांतून मैद्यासारखी भुकटी पडत असेल तर तो वेगळा किडा आहे. तो सुक्या लाकडातही खातो, आणि त्यावर बोरॉनच, म्हणजे बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं द्रावण, चालतं.

कोणत्या लाकडाला किती घाई

रबर आणि सावर यांना सर्वांत जास्त घाई. रबराच्या लाकडात वेगळा टिकाऊ गाभा जवळपास नसतोच आणि स्टार्च भरपूर असतो. सावर मऊ, पाण्याने भरलेली. दोन्हींत करवतीपासून तासच मोजायचे. त्यांच्या खालोखाल आंबा. आंब्यातही गाभा आणि पांढरा भाग स्पष्ट वेगळे नसतात, त्यामुळे अख्खी फळी धोक्यात असते. फणस आणि सागवानात फक्त पांढरी कड निळी पडते, पिवळा किंवा सोनेरी गाभा शाबूत राहतो. सागाची कड निळी पडलेली दिसली म्हणून अख्खा माल नाकारणं चूक आहे.

तोडीपासून गिरणीपर्यंत

बऱ्याचदा फळी निळी पडायला सुरुवात होते ती ओंडका पडून असतानाच. झाड दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत तोडा. त्या दिवसांत हवा कोरडी असते आणि पुढे वाळवायला चार-पाच महिने मोकळे मिळतात. तोडीची परवानगी आणि वाहतुकीचा पास कुऱ्हाड लावायच्या आधी हातात हवा. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस दोन्ही आहेत. झाड पाडून ठेवायचं आणि मग कागदांच्या मागे लागायचं, या क्रमाने कितीतरी चांगला आंबा वाया जातो. पासाची वाट बघत ओंडका तीन आठवडे बांधावर पडला तर तो आतून निळा झालेलाच गिरणीत येतो. मग त्याच्या फळ्या कोणत्याही औषधात बुडवल्या तरी उपयोग नाही.

तोडलेल्या दिवशीच दोन्ही टोकांना आणि फांद्या छाटलेल्या जागांना डांबर, मेण किंवा घट्ट ऑइल पेंटचा जाड थर द्या. बुरशी तिथूनच आत जाते आणि तडेही तिथूनच पडतात. साल काढू नका. अखंड साल ओंडक्याचं रक्षण करते. सोललेला ओंडका वरून वाळतो, आतून ओला राहतो, म्हणजे आपणच बुरशीला हवं तसं करून देतो. ओंडका सावलीत, दोन लाकडांवर उचलून ठेवा, आणि आंबा असेल तर आठवड्याच्या आत चिरा. रबर तीन दिवसांच्या आत.

उशीर होणारच असेल तर ओंडका पाण्यात टाका. विहिरीच्या टाकीत किंवा तळ्यात चालेल. अट एकच: तो पूर्ण बुडालेला हवा, वर दगडांचं वजन द्या. पाण्याने भरलेल्या लाकडात हवा नसते, म्हणून बुरशीला जगता येत नाही. अर्धा तरंगणारा ओंडका मात्र पाण्याबाहेरच्या भागात छान निळा पडतो.

वादळात पडलेल्या झाडांसाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड आणि उत्तर रत्नागिरीत आंब्याची असंख्य झाडं आडवी केली, तीही ऐन पावसाच्या तोंडावर. अशा वेळी मूळ जमिनीला थोडंफार धरून असेल, पानं हिरवी असतील, आणि झाडाने कुणाची वाट किंवा छप्पर अडवलं नसेल, तर खोडाचे तुकडे करायची घाई करू नका. मुळाशी जोडलेलं, साल न सोललेलं खोड आतून ओलंच राहतं आणि बराच काळ टिकतं. तुकडे केले की प्रत्येक तुकड्याला दोन उघडी तोंडं मिळतात.

चिरण्याच्या दिवशी

गिरणीत जायच्या आधी रिपा (थरांमध्ये घालायच्या बारीक पट्ट्या), थप्पीची जागा आणि बुडवायचा हौद तयार हवेत. सकाळी चिरलेली फळी संध्याकाळपर्यंत रचून झाली पाहिजे. फळ्या एकावर एक दाबून भरलेला आणि रात्रभर उभा ठेवलेला टेंपो म्हणजे उबवणी यंत्रच.

फळीवर चिकटलेला ओला भुसा झाडूने दोन्ही बाजूंनी काढून टाका. हे काम किरकोळ वाटतं म्हणून सगळे टाळतात. पण भुसा स्पंजसारखा पाणी धरून ठेवतो, औषध स्वतः शोषून घेतो, आणि पहिली लव त्याच्याच खाली उगवते. जाडीही ठरवून घ्या: १ इंच सुकी फळी हवी असेल तर ओली एक सूत जास्त जाड चिरा. वाळताना आकसते आणि वरचा थर रंध्यात जातो.

बुडवणं: कशाने आणि किती

बोरॉन आणि बुरशीनाशक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेकांची गल्लत इथेच होते. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडचं मिश्रण किड्यांवर आणि कुजण्यावर उत्तम, लवेवर मात्र कमजोर. नुसत्या बोरॉनमध्ये बुडवून फळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळल्या तर किडे येणार नाहीत, पण आठ दिवसांत हिरवीगार लव येईल. लव आणि डाग थांबवायला लाकडासाठीचं बुरशीनाशक लागतं. बाजारात डीडीएसी, आयपीबीसी किंवा प्रोपिकोनाझोल हा बुरशीनाशक घटक असलेली अशी औषधं मिळतात. प्रमाण डब्यावर असेल तेच घ्या. अंदाजाने कमी घातलं तर बुरशी मरत नाही, नुसती मंदावते. पूर्वी गिरण्यांत सोडियम पेंटाक्लोरोफिनेट वापरत. ते अतिशय विषारी आहे, कुणी जुना साठा देऊ केला तरी हात लावू नका.

१ इंची फळ्यांसाठी द्रावण असं करा:

१. ८ फुटी फळीसाठी ९ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल विटांचा हौद रचा आणि आत जाड प्लास्टिक अंथरा. अर्धा भरायला सुमारे २८० लिटर लागतात, आणि फळ्या घातल्यावर पातळी वर येते, त्यामुळे अर्धा पुरतो.

२. दर १०० लिटर पाण्याला ६ किलो बोरॅक्स आणि ४ किलो बोरिक ॲसिड. दोन्ही एकत्रच घाला. एकमेकांच्या सोबतीने ती जास्त विरघळतात, एकटं बोरिक ॲसिड थंड पाण्यात तळाशी बसतं. आधी २५ लिटर पाणी हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवा, त्यात ढवळा, मग उरलेलं पाणी.

३. द्रावण निवल्यावर बुरशीनाशक, डब्यावरच्या प्रमाणात. तेही बोरॉनबरोबर चालतं का, हे विक्रेत्याला विचारूनच.

४. एकेक फळी पूर्ण बुडवा, २-३ मिनिटं ठेवा, उलटी करा. दोन फळ्या चिकटून बुडाल्या तर चिकटलेला भाग कोरडा राहतो आणि नेमका तिथेच पट्टा उमटतो.

५. हौदाच्या कडेला उतरत्या पत्र्यावर निथळू द्या, पाणी परत हौदात.

पातळी खाली गेली की त्याच ताकदीचं द्रावण घाला, साधं पाणी नको. रोज संध्याकाळी भुसा गाळून काढा. हातमोजे आणि चष्मा लावाच. उरलेलं द्रावण विहिरीजवळ, ओढ्यात किंवा झाडांच्या मुळाशी ओतू नका. बोरॉन जास्त झालं की झाडं करपतात, आणि बुरशीनाशकं माशांना घातक असतात. पुढच्या खेपेसाठी झाकून ठेवा.

बोरॉनला आतपर्यंत मुरायला ओल आणि वेळ लागतो. निथळलेल्या फळ्या दाबून रचून प्लास्टिकखाली ठेवायची पद्धत आहे, १ इंचाला साधारण ३-४ आठवडे. पण हे फक्त हौदात बुरशीनाशक असेल तरच. नसेल तर सरळ रिपा घालून रचा. बोरॉन थोडं कमी खोल जाईल, पण फळी निळी पडणार नाही. दोन्हींपैकी एक निवडायचं असेल तर हवा निवडा. दोन इंची मालाला अशी बुडवणी पुरत नाही, तो प्रेशर टाकी असलेल्या प्लांटकडे द्या. आणि बोरॉन पाण्यात विरघळतं हे विसरू नका. बुडवलेल्या फळ्यांवर पाऊस पडला तर पैसे वाहून गेले.

पोळपाट, पाट, परात, मुलांची खेळणी असल्या वस्तूंच्या लाकडाला यातलं काहीही लावू नका. तिथे वेगाने वाळवणं हाच उपाय.

थप्पी

खरं काम इथे होतं. औषध न लावता चांगली रचलेली थप्पी, औषध लावून वाईट रचलेल्या थप्पीपेक्षा नेहमी सरस ठरते.

रबर, सावर आणि कोवळा आंबा यांना पहिले ४-५ दिवस आडवं रचूच नका. जमिनीपासून ४-५ फुटांवर एक आडवा वासा बांधा आणि त्याला फळ्या दोन्ही बाजूंनी कैचीसारख्या उभ्या टेकवा, एक इकडून, एक तिकडून. सगळ्या बाजूंनी वारा लागतो, पाणी खाली उतरतं, पृष्ठभाग दोन दिवसांत कोरडा होतो. पाचव्या दिवसानंतर मात्र त्या उतरवा. जास्त दिवस उभ्या राहिल्या तर पीळ पडतो.

मग आडवी थप्पी. जांभ्याच्या चिऱ्यांवर किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांवर, जमिनीपासून कमीत कमी दीड फूट वर. खालचं गवत काढा, जमीन पाणी धरत असेल तर प्लास्टिक अंथरा. दर थराच्या मध्ये १ इंच चौकोनी रिपा, दोन रिपांमध्ये दीड ते दोन फूट अंतर. वरची रीप खालच्या रिपेच्या बरोबर डोक्यावर यायला हवी, नाहीतर फळ्या लाटांसारख्या वाकतात. टोकाची रीप अगदी टोकाशी. शेजारच्या फळ्यांमध्ये बोटभर फट. थप्पीची रुंदी ४-५ फुटांपेक्षा जास्त नको, मध्यापर्यंत वारा पोचला पाहिजे.

रिपा पूर्ण सुक्या हव्यात, सागाच्या किंवा ऐनाच्या गाभ्याच्या. त्याच ओल्या आंब्याच्या फळकुटांच्या रिपा पाडून घातल्या की प्रत्येक रिपेखाली एक काळा पट्टा उमटतो, अगदी शिडीसारखा. हे पट्टे रंध्याने जात नाहीत, आणि असा माल टेबलाच्या वरच्या फळीला कुणी घेत नाही. ऐनाची रीपही ओली असेल तर स्वतःचा रंग सोडते.

वारा रिपांच्या दिशेने वाहतो, म्हणून थप्पीची लांब बाजू वाऱ्याच्या तोंडाशी हवी. किनारपट्टीला दुपारी समुद्राकडून आणि रात्री-पहाटे डोंगराकडून वारा येतो. थप्पी उत्तर-दक्षिण रचली की दोन्ही वारे आरपार जातात. वर पत्रा, बाहेर दोन फूट निघालेला, आणि पत्रा व शेवटच्या थरामध्ये वीतभर जागा. वजनाला दगड. बाजूंना ताडपत्री लावू नका. पावसाच्या भीतीने चारही बाजूंनी ताडपत्री गुंडाळणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक आहे. लाकडातलंच पाणी आत अडकतं, रात्री ताडपत्रीला आतून थेंब धरतात आणि वरच्या थरावर पडतात. पत्रा टिकवायचा, बाजू उघड्या.

५० घनफूट ताज्या आंब्याच्या फळ्या १८ टक्क्यांपर्यंत वाळेपर्यंत त्यांतून साधारण ३०० लिटर पाणी हवेत जातं. दार बंद खोलीत रचल्या तर ते सगळं खोलीतच राहतं.

पावसाळा

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात आर्द्रता ८५-९० टक्के असते. त्या हवेत लाकूड कितीही दिवस ठेवलं तरी १८-२० टक्क्यांच्या खाली उतरत नाही, म्हणजे बुरशीच्या उंबरठ्यावरच थांबतं. म्हणून जून ते सप्टेंबर रबर, सावर, आंबा चिरू नका. चिरावाच लागला तर त्याच दिवशी भट्टी असलेल्या सीझनिंग प्लांटला पाठवायची सोय आधी करून ठेवा. घरी एकच जमण्यासारखं आहे: उघडी शेड, बुडवलेल्या फळ्या, आणि थप्पीच्या लांब बाजूला मोठे पंखे पहिले आठ-दहा दिवस रात्रंदिवस चालू. पंखा वाळवण्यापुरता कमी पडेल, पण पृष्ठभाग कोरडा ठेवतो. पंख्यांची बाजू रोज बदला.

हिवाळ्यात तीच आर्द्रता ६०-६५ टक्क्यांवर येते आणि लाकूड ११-१२ टक्क्यांपर्यंत उतरू शकतं. विदर्भातल्या एप्रिल-मेमध्ये चिंता उलटी होते. तिथे बुरशी नाही, तडे पडतात. थप्पी सावलीत घ्या, टोकांना मेण लावा आणि गरम वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगा.

वाळली का, हे कसं कळणार

हात लावून कळत नाही. टोकाला ओल मोजायचा मीटर लावूनही नाही, टोक नेहमी आधी वाळतं. फळीच्या टोकापासून दीड फूट आत कापून १ इंच रुंदीची पट्टी काढा, लगेच स्वयंपाकघरातल्या ग्रॅमच्या काट्यावर तोला. मग ओव्हनमध्ये १०३ अंशांच्या आसपास ठेवा आणि दर दोन तासांनी तोला, वजन उतरायचं थांबेपर्यंत. ओल्या वजनातून सुकं वजन वजा करा, सुक्याने भागा, शंभराने गुणा. पट्टी ४१२ ग्रॅम होती आणि २५० वर थांबली, तर ओल ६५ टक्के. टोच्यांचा मीटर ३० टक्क्यांच्या वर भरवशाचा नसतो, खाली चांगला चालतो. त्याचे टोचे पाऊण सूत नव्हे, फळीच्या जाडीच्या पाव भागापर्यंत आत गेले पाहिजेत. आत २० टक्क्यांच्या खाली उतरलं की डागाचा धोका संपला. घरातल्या फर्निचरला लागतात १२ टक्के.

लव आली आहे, आता?

आधी थप्पी उघडा, बाकी सगळं नंतर. वारा लागला की लव दोन दिवसांत वाळून निपचित होते. नुसती पुसून परत दाबून रचली तर आठवड्यात पुन्हा हजर. काम अंगणात करा, एन-९५ मास्क लावा. कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू हवेत उडतात आणि दमेकऱ्याला चांगलाच त्रास होतो. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. लव गेल्यावर उरलेल्या हिरव्या-काळ्या ठिपक्यांना घरगुती ब्लीच, म्हणजे ४-५ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट, तिप्पट पाण्यात मिसळून लावा. १० मिनिटांनी स्वच्छ पाण्याने पुसा आणि त्याच दिवशी वाऱ्यात वाळवा.

निळ्या डागावर हे ब्लीच चालत नाही, कारण ते आत पोचतच नाही. दोन बाटल्यांमधलं लाकडाचं ब्लीच, म्हणजे कॉस्टिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, वरचा डाग फिका करतं. पण आंब्याचा सोनेरी रंगही सोबत नेतं आणि फळी खडूसारखी दिसते. त्यापेक्षा डाग बरा.

लोखंडाच्या डागाला लिटरभर कोमट पाण्यात १०० ग्रॅम ऑक्झॅलिक ॲसिड. ब्रशने लावा, १५-२० मिनिटांनी दोनदा भरपूर पाण्याने धुवा. ते विषारी आहे, आणि वाळल्यावर उरलेली पावडर घासताना नाकात जाते, म्हणून धुणं टाळू नका. हायपोक्लोराइट आणि ऑक्झॅलिक ॲसिड एकाच दिवशी, एकाच फळीवर, एकाच बादलीत कधीही नको. ब्लीचला कोणतंही आम्ल भेटलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद शेडमध्ये तो जीवावर बेतू शकतो. अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबरही ब्लीच मिसळायचं नाही.

निळी झालेली पण शाबूत फळी फेकू नका. कपाटाच्या पाठीला, ड्रॉवरच्या तळाला, रंग लागणार असेल तिथे ती चालते. डागाळलेला भाग पॉलिश जास्त पितो, त्यामुळे सरळ पॉलिश मारलं की डबके दिसतात. आधी सँडिंग सीलरचा पातळ हात, वाळल्यावर ३२० नंबर कागद, पुन्हा एक हात, मग गडद अक्रोडी रंगछटा. कंदील, वाडगे कातणारे कारागीर तर रेघारेघांचा आंबा मुद्दाम मागतात. त्यांना द्यायच्या आधी टोच्याची तपासणी पुन्हा करा, कातकामाच्या यंत्रावर कुजका तुकडा फुटून तोंडावर येतो.